चार पायऱ्यांचे सेकंद

येडगावात बातमी सुटते ती धरणाच्या पाण्यासारखी. आधी कालव्याला लागते, मग चाऱ्यांना, आणि मग ज्याच्या त्याच्या वावरात ज्याच्या त्याच्या मापानं शिरते. २००१ सालच्या गणपतीत अशीच एक सुटली. जयवंत घड्याळवाला म्हणे पुण्याहून तालमीतली पावडर आणून खातोय, आरशापुढं दंड काढून बघतोय, आणि चैत्रातल्या यात्रेला मेव्हण्याच्या गाड्याला एका बाजूनं बैल आणि दुसऱ्या बाजूनं जयवंत अशी जोडी जुंपणार आहेत. बातमी आळेफाट्याला पोचेपर्यंत त्याच्या गळ्यात घुंगरमाळही पडली होती.

यातली पावडर तेवढी खरी. दंड म्हणाल तर तो सदऱ्याच्या बाहीत शोधावा लागे, आणि गाडा ओढायचं म्हणाल तर या माणसाला त्या दिवसांत खाटेवरून उठायचं झालं तरी आधी खाटेची मनधरणी करावी लागायची.

जयवंताची आळेफाट्याला, एस.टी. स्टँडच्या मागच्या अंगाला, घड्याळ दुरुस्तीची टपरी. डोळ्याला भिंग लावून बसला की बाहेर ट्रकवाले एकमेकांची आयमाय काढत असले तरी हा आपला एखाद्या मनगटी घड्याळाच्या पोटात उतरून गेलेला. तिथं आत त्याला एक वेगळंच गाव दिसायचं. पितळेची चाकं, माणकाचे ठिपके, केसाएवढी कमान श्वास घेतल्यासारखी मिटते, उघडते. गिऱ्हाईक दोनदा हाका मारायचं, तिसऱ्या हाकेला जयवंत त्या गावातून परत यायचा आणि अपराध्यासारखा हसायचा.

पण त्याची खरी ओळख टपरीची नव्हे. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत बैलगाड्यांच्या शर्यती म्हणजे काय, हे इथल्या माणसाला सांगायला नको. बाहेरच्यासाठी एवढंच, की चढावाच्या एका रस्त्यावर, ज्याला आम्ही घाट म्हणतो, एकेक गाडा सुटतो. त्या एका धावेला बारी म्हणतात. खाली निशाण पडलं की घड्याळ सुरू, वरची रेघ ओलांडली की बंद, आणि सगळा मानपान, सगळे रुसवेफुगवे त्या अकरा-बारा सेकंदांच्या पोटात. वरच्या टोकाला बांबूचं मचाण असतं आणि त्या मचाणावर घड्याळ घेऊन वीस वर्षं जयवंत बसत आला. सख्ख्या मेव्हण्याचा, गेणभाऊचा गाडा एकदा सेकंदाच्या दहाव्या हिश्शानं हुकला, तेव्हा जयवंतानं तो हिस्सा सोडला नाही. गेणभाऊ सहा महिने घरी आला नाही. बायको, सारजाबाई, तिनं सहा महिने भाजीत मीठ बेतानं टाकलं. पण तेव्हापासून दोन्ही तालुक्यांत जयवंताच्या अंगठ्यापुढं कुणी बोललं नाही.

अशा माणसाला एक दिवस वाटायला लागलं, की एस.टी.च्या पायऱ्या उंच केल्यात. हे १९९६-९७ सालचं. त्यानं कंडक्टरकडं तक्रारसुद्धा केली. कंडक्टर म्हणाला, काका, पायरी तीच आहे, तुमीच बसलाय. मग पंगतीत सगळे उठले तरी हा पाटावर बसूनच राहायला लागला. लोक म्हणाले, जयवंताला जिलबी लई गोड लागली. वाढप्यानं दोनदा आणून वाढली, आणि बिचाऱ्यानं ती खाल्लीसुद्धा, कारण उठता येत नाही हे सांगण्यापेक्षा जिलबी खाणं सोपं. शेवटी मांडीवर हात रोवून, स्वतःच्याच अंगावर चढत चढत तो उभा राहायचा.

पुण्यात तपासण्या झाल्या. रक्त झालं, मांडीतला मांसाचा तुकडा काढून झाला. डॉक्टर म्हणाले, हा स्नायूंचा रोग आहे, रक्तातूनच आलेला. आईकडून अर्धी चूक, बापाकडून अर्धी चूक. आईबापाला काही झालं नाही, कारण अर्ध्या चुकीनं काही होत नाही. आई बापाच्या सख्ख्या मामाची मुलगी, तेव्हा दोन्ही अर्ध्या एकाच घरातून निघाल्या आणि जयवंताच्या अंगात भेटल्या. औषध नाही. हळूहळू खांदे आणि कंबर कमजोर होत जातील. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला हे पटकन कळलं. कमान झिजत चाललीय आणि तसली कमान बाजारात मिळत नाही.

हे एवढंच असतं तर जयवंतानं हसण्यावारी नेलं असतं. पण त्याची एक धाकटी बहीण होती, द्रौपदा, त्याच्याहून चौदा वर्षांनी लहान, पारगावला दिलेली. दुसऱ्या बाळंतपणानंतर तीही मांडीवर हात रोवून उठायला लागली. तिला डॉक्टरांनी औषध दिलं नाही, एक कागद दिला. त्यावर हलके, मोजून करायचे व्यायाम होते, माणसाची चित्रं काढून. रोज करा म्हणाले. ती करायची. दुपारी पोरं निजली की भिंतीला धरून, घामाघूम होऊन, कुणी बघत नाही ना बघत करायची.

मग २००१ च्या पावसाळ्यात पुण्याहून पत्र आलं.

एक पावडर तपासून बघायची होती. मांस-मासळीत मुळातच असणारा पदार्थ, व्यायामशाळेतली पोरं ताकदीसाठी खातात तो. कमजोर स्नायूंनाही त्यानं जोर येतो का, हा प्रश्न. पुण्याच्या त्या दवाखान्यात वृषालीमॅडम म्हणून एक तरुण डॉक्टरीण होत्या, त्यांनी जयवंताला समोर बसवून सगळं समजावलं. तीन महिने एक डबा, मध्ये एक महिना काहीच नाही, मग तीन महिने दुसरा डबा. एकात खरी पावडर, एकात नुसतं पीठ. कोणता कोणता, हे जयवंताला माहीत नसणार आणि मॅडमनाही नसणार. सगळ्यांचं संपलं की चिठ्ठ्या फुटणार. द्रौपदाचं मूल अंगावर पीत होतं, म्हणून तिला घेता आलं नाही. पण निकाल चांगला लागला तर तिच्यासारख्यांना ती देता येईल, असं मॅडम म्हणाल्या.

जयवंत तर या बोलीवर बेहद्द खूश झाला. पंचालाच ठाऊक नाही गाडा कुणाचा, असा घाट त्यानं उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मग मॅडमनी त्याला चार लाकडी पायऱ्या दाखवल्या आणि खिशातून स्टॉपवॉच काढलं. त्या क्षणी जयवंताच्या अंगात वारं आलं. तो चढला, कठड्याला धरून, एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत, आणि वर पोचल्यावर पहिला श्वास घ्यायच्या आधी म्हणाला, "मॅडम, तुमचा अंगठा दमानं येतोय. मी पोचलो त्याच्यानंतर दाबलंत."

मॅडम हसल्या. पुन्हा चढायला लावलं. अकरा पूर्णांक सहा. हे जयवंताच्या मनातल्या आकड्याशी जुळलं, तेव्हा कुठं त्यानं मान हलवली. निघताना मॅडमनी एक बजावलं. या सात महिन्यांत बाकी काही बदलायचं नाही, खाणं तेच, चालणं तेच, काम तेच. जयवंत हो म्हणाला आणि मनापासून म्हणाला.

इथं गेणभाऊ गोष्टीत शिरतो, आणि गेणभाऊ कुठंही शिरला की दाराची चौकट थोडी वाकडी होतेच.

डबा घरात आल्याच्या तिसऱ्या दिवशी तो आला. डबा उघडला, वास घेतला, चिमूटभर जिभेवर ठेवली, आणि बैलांचा डॉक्टर म्हणतो तसं हं म्हणाला. मग विचारलं, दाजी, याच्यासंगं खुराक काय? जयवंत म्हणाला, काही नाही, नुसता चमचा, सकाळ-संध्याकाळ. गेणभाऊनं सारजाबाईकडं बघितलं. बहीणभावाची नजरानजर झाली. गाडेवाल्याच्या घरात हे ऐकून घेणं कठीण. बैल घाटात न्यायचा तर त्याआधी महिनोन् महिने त्याला दूध, उडदाचं पीठ, अंडी, खारीक. तो पळणार म्हणून नव्हे, पहिला येईल म्हणूनही नव्हे. बिनखुराकाचा बैल नेऊन उभा करणं म्हणजे ज्या गावची यात्रा त्या गावाचा अपमान. लोक म्हणतात, आमच्या घाटाला यांनी काही समजलंच नाही. तसं पुण्याच्या त्या पोरीपुढं जयवंतानं नुसतंच जाऊन उभं राहायचं? तिनं एवढ्या पायऱ्या मांडल्या, घड्याळ घेतलं, तिला काय वाटेल?

दुसऱ्या दिवसापासून सकाळी दुधात दोन अंडी फेटून आली. दुपारी भिजवलेले हरभरे. संध्याकाळी उडदाची पेज, वर तुपाची धार. आठवड्यातून दोनदा गेणभाऊ तिळाचं तेल घेऊन यायचा आणि जयवंताच्या मांड्या अशा चोळायचा की शेजारच्या घरात मांजर दचकायचं. आणि रोज ऊन कललं की मारुतीच्या देवळाच्या चार पायऱ्या. पाच वेळा वर, पाच वेळा खाली. गेणभाऊ खाली टॉवेल धरून निशाण पाडायचा, आणि हाताला दुसरं काही नसलं की तोंडानं हलगी वाजवायचा.

जयवंताला वाटलं नाही की आपण काही बदलतोय. खुराक म्हणजे का बदल? ती तर रीत.

आणि काय सांगावं, ते दिवस मोठे सुंदर गेले. अश्विनात येडगावच्या धरणाचं पाणी गावाच्या बांधापर्यंत आलेलं असतं. जयवंत दुपारी टपरी बंद करून लवकर यायचा आणि पाण्याच्या कडेला करंजाच्या सावलीत घोंगडीवर पडायचा, स्टॉपवॉच मुठीत. ते टिकटिकत नाही, पण त्याला ऐकू यायचं. पापणीच्या आत पाणी हलायचं आणि पाण्यावर ऊन. त्या उन्हावरून तो चालत जायचा, खरंच, एका पायापुढं एक पाय, मांडीला हात न लावता. पलीकडच्या काठाला त्याच्या लहानपणीचं बुडालेलं शिवार होतं, तिथं आई भुईमूग उपटत असायची, आणि बाप बांधावरून म्हणायचा, आलास व्हय, ये. कधी मचाण दिसायचं. त्याच्या पायऱ्या पाण्यासारख्या मऊ, तो नुसता वर येत जायचा, धुळीच्या, गुलालाच्या वर, जिथं हलगी ऐकू येते पण कान दुखत नाहीत. एखादा बगळा उडाला की जाग यायची. उठताना मांडी थरथरायची, पण पूर्वीइतकी नाही. हे स्वप्न नव्हतं. हे त्यानं स्वतःच्या अंगठ्यानं मोजलेलं होतं.

कारण सवयीचा माणूस. दर शनिवारी देवळाच्या पायऱ्यांचे सेकंद तो भिंतीवरच्या कालनिर्णयाच्या पानांमागं, कोऱ्या कडेला मांडत होता. अकरा पूर्णांक चार. अकरा. दहा पूर्णांक दोन. नऊ पूर्णांक सहा.

नोव्हेंबराच्या अखेरीस पुण्यात आठ पूर्णांक नऊ भरले. वृषालीमॅडमनी घड्याळाकडं दोनदा बघितलं. मग विचारलं, काही बदल केला नाही ना? जयवंत म्हणाला, काही नाही. आणि त्याच्या तोंडावर लबाडीची सावलीसुद्धा नव्हती, हे मुद्दाम सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

गावानं मात्र निकाल लावून टाकला. पहिला डबा खरा. पारगावला निरोप गेला. फाट्यावर चहा झाला. जयवंताला आधी हसणारे त्याच्या टपरीसमोर येऊन त्याला उभं राहायला सांगायचे आणि तो उभा राहिला की एकमेकांकडं असं बघायचे जसं कालवडीला पहिल्यांदा दात दिसावेत.

डिसेंबरात डबा नव्हता, खुराक चालू होता. जानेवारीत दुसरा डबा आला आणि त्याच आठवड्यात गेणभाऊ गेला. पौषापासून गावोगावच्या यात्रा लागतात, त्याला बैल घेऊन फिरायचं होतं. अंडी बैलांकडं गेली. तेलाची बाटली बैलांकडं गेली. निशाण पाडायला कुणी राहिलं नाही, तेव्हा देवळाच्या पायऱ्याही राहिल्या. सारजाबाई ऊसतोडीच्या घाईत. फेब्रुवारी निम्मा झाला तेव्हा शनिवारचा आकडा नऊ पूर्णांक आठवर आला होता. गाव म्हणालं, बघा, दुसरा डबा पिठाचा. सांगितलं नव्हतं?

जयवंतही तेच म्हणत होता. म्हणजे म्हणत होता, पण एका दुपारी त्यानं नव्याच्या मागं टांगलेलं गेल्या सालचं कालनिर्णय भिंतीवरून काढलं आणि भिंग लावून बसल्यासारखा बसला. डिसेंबराचं पान. चार शनिवार. आठ पूर्णांक नऊ, नऊ, आठ पूर्णांक नऊ, नऊ. त्या चार शनिवारी घरात कुठलाच डबा नव्हता. ना खरा ना पिठाचा. मग हे सेकंद धरून कोण बसलं होतं?

चाकं फिरायला लागली की घड्याळवाल्याला आवाज कळतो. सेकंद उतरले ते डब्यासोबत उतरले हे खरं, पण गेणभाऊसोबतही उतरले. आणि चढले ते गेणभाऊ गेल्यावर. दोघं एकाच गाडीतून आले होते, आणि कुणाच्या पायानं गाडी पळाली हे आता कुणाला सांगता येणार? तीन महिने दोन बैलांची बारी लागली आणि कागदावर नाव एकाचं पडलं.

त्यानं कालनिर्णय परत टांगलं. म्हणाला, असू दे. मॅडमकडं छत्तीस माणसं आहेत, एका जयवंतानं काय होतं.

त्याच आठवड्यात द्रौपदा माहेरी आली. धाकटा काखेत, मोठी बोटाला. ओसरीवर बसली, बोलली, हसली, आणि उठताना खांबाला धरून, मग गुडघ्याला, मग मांडीला, अशी स्वतःच्या अंगाची शिडी करून उठली. जयवंतानं मान फिरवली. आरशात चुकून नजर जावी तसं झालं. मग त्यानं सहज विचारलं, कागदावरचे व्यायाम चाललेत ना?

"सोडलं की ते," द्रौपदा म्हणाली. "दिवाळी सरली तवापासनं. आता कशापायी जीव काढायचा, दादा? तुझा पहिला डबा गुण देतोय तर. तो मिळायला लागला का घेईन. तोवर पाय तरी आराम करतील."

तिच्या तोंडावर ऊन पडल्यासारखं झालं होतं. पाय किती आराम करतात हे त्याला ठाऊक होतं. एकदा आराम केलेला पाय पुन्हा कामावर येत नाही. त्यानं तिच्या पोरीला एक बिघडलेलं घड्याळ खेळायला दिलं आणि पाण्याकडं गेला.

त्या दुपारचं स्वप्न वेगळं होतं. मचाणावर तो बसलेला, पण घाट रिकामा. एकही माणूस नाही, दोन्ही बाजूंना नुसता गुलाल उन्हात तरंगणारा. खालून एक गाडा येतोय, आवाज नसलेला, ढगासारखा. त्यात द्रौपदा बसलीय, लहानपणीच्या परकरात, पाय खाली सोडून, आणि ते पाय हलत नाहीत. ती त्याच्याकडं बघून हात करते. रेघ जवळ येते. तो अंगठा दाबायला जातो तर अंगठा पिठाचा आहे, दाबला की भुरभुरतो. गाडा रेघेवरून पुढं जातो, अजून पुढं जातो, पाण्यात उतरतो, आणि घड्याळ चालूच आहे. चालूच. जाग आली तेव्हा पाणी तसंच होतं, करंज तसाच, आणि मुठीतल्या घड्याळावर एक तास चोवीस मिनिटं झाली होती.

घरी येऊन त्यानं सारजाबाईला सांगितलं. ती म्हणाली, आता सांगून काय मिळणार? पोरीची आशा तुटेल, मॅडम रागावतील, आणि गाव हसेल ते वेगळंच. हे तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. तिन्ही गोष्टी तशाच झाल्या.

मार्चच्या अखेरीस पुण्यात मॅडमनी स्टॉपवॉच हातात घेतलं तेव्हा जयवंत पायऱ्यांपाशी थांबला.

"मॅडम, घड्याळ लावायच्या आधी एक सांगतो. माझी पहिली बारी बाद धरा."

मॅडमना बारी म्हणजे काय तेच कळेना. त्यानं सगळं सांगितलं, अंडी, उडीद, तेल, टॉवेलचं निशाण, मारुतीच्या पायऱ्या. कालनिर्णयाची पानं सोबत आणली होती, ती पुढं ठेवली. मॅडमनी एकेक आकडा बोट ठेवून वाचला. त्यांचा चेहरा उतरला होता, आणि जयवंताला ते फार लागलं, कारण त्याचे आठ पूर्णांक नऊ सेकंद त्यांना किती आवडले होते हे त्यानं पाहिलं होतं.

"मी विचारलं होतं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "काही बदललं का म्हणून. तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुमी बदल इचारला. खुराक बदल वाटलाच न्हाई आमाला. तुमच्याकडं यायचं म्हणून केला व्हता तो. तुमचा मान म्हणून."

मॅडमना हसावं की रडावं कळेना. त्या म्हणाल्या की आता त्याचे आकडे मोजणीत धरता येतील असं वाटत नाही, पहिलेही नाहीत आणि दुसरेही नाहीत. सात महिने फुकट गेले. जयवंतानं विचारलं, म्हणजे पस्तीस राहिले? पस्तीस राहिले. मग मॅडमनी तरीही त्याला चढायला लावलं, नुसतं त्याच्यासाठी. दहा पूर्णांक एक. त्यांचा अंगठा आता बरोबर येत होता.

पुण्याहून तो घरी गेला नाही. एस.टी.नं मंचरला आणि तिथून पारगावला गेला. कंडक्टर आणि एक पावणा यांनी मिळून त्याला पायऱ्यांवरून वर घेतलं, खाली उतरवायला दुसरे दोघं. द्रौपदा दारात पोराला भरवत होती. त्यानं चहाच्या आधीच सांगितलं.

घास हातात तसाच राहिला. कारखान्याचा भोंगा झाला, ऊस भरलेल्या बैलगाड्या दारावरून गेल्या.

"तू माझा डबा सांडलास, दादा," ती म्हणाली. "गप बसला असतास तर कुणाचं काय गेलं असतं?"

जयवंतानं व्यायामाचा कागद कुठंय विचारलं. तिनं सांगितलं नाही. तोच भिंतीला धरून आत गेला, ट्रंकेखालून कागद काढला, चुरगळलेला, हळदीचा डाग पडलेला, आणि ओसरीवर मांडीवर ताणून सरळ करत बसला. भावजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, रात्री राहायचा आग्रह केला, तर म्हणाला, चार दिवस राहतो. द्रौपदा दोन दिवस त्याच्याशी अक्षर बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी पोरं निजल्यावर ती भिंतीपाशी उभी राहिली, पाठ त्याच्याकडं करून, आणि म्हणाली, मोज. त्यानं मोजलं. तो आकडा त्यानं कुणाला सांगितला नाही, पण पुढं दर पंधरवड्याला तो पारगावला जायला लागला, आणि हा आकडा काय, तो आकडा काय, हे दोघांचं दोघांत चालायचं, जसं काही चोरून शेंगा खाताहेत.

चैत्रात यात्रा आली. मचाण बांधलं. जयवंतानं पंचांना सांगितलं, माझ्याच्यानं वर येणं होणार नाही, दुसरा बघा. पंचांनी कुजबुज केली आणि मचाणाच्या पायथ्याला, रेघेच्या बरोबर समोर, एक लोखंडी खुर्ची टाकली. धूळ सगळी तोंडावर. संध्याकाळी जयवंताच्या भुवया, मिशा, पापण्या सगळं गुलाबी. चाळीसेक बाऱ्या झाल्या. भांडण एकही झालं नाही, म्हणून काही जाणत्यांना यात्रेला मजा आली नाही.

आता राहिलं चिठ्ठ्या फुटायचं. ते झालं भादव्यात, पोळ्याच्या दिवशी. गेणभाऊच्या गोठ्यासमोर बैल धुऊन उभे होते, गेणभाऊ शिंगांना हिंगूळ लावत होता, हात मनगटापर्यंत लाल. जयवंत दगडी हौदाच्या कडेवर बसून झुलीचे गोंडे नीट करत होता. सावकाश ऊन होतं, बैलांच्या पाठीवरून वाफ निघत होती, आणि त्या वाफेतून पोस्टमन आला, अलगद, एखादं काम विसरून आल्यासारखा.

पत्र वृषालीमॅडमचं. पस्तीस जणांचा निकाल आला होता. पावडरीनं काहींना थोडा जोर आल्यासारखा दिसतो, रोग मात्र थांबत नाही. अजून पुष्कळ तपासावं लागेल. व्यायाम चालू ठेवा, अंडी खायला हरकत नाही. आणि खाली, पेनानं, वेगळ्या ओळीत: तुमचे आकडे आम्ही धरले नाहीत, पण तुम्हाला जाणून घ्यायचं असेल म्हणून कळवते, तुमचा पहिला डबाच खऱ्या पावडरीचा होता.

बैलांना नैवेद्य घेऊन आलेल्या सारजाबाईनं ते दोनदा वाचून दाखवलं. गेणभाऊच्या हातातला हिंगूळ शिंगावरून बैलाच्या डोळ्यापाशी ओघळला. बैलानं मान झाडली. गेणभाऊला आधी हसू आलं, मग राग आला, मग दोन्ही मिळून आलं. तो म्हणाला, म्हणजे गाव म्हणत होतं तेच खरं. पहिला डबा खरा होता, सेकंदही खरे उतरले होते, आणि या शहाण्यानं स्वतःच्या हातानं जिंकलेली बारी पुसून टाकली. कुणी मागितलं होतं? बहीण रडली, मॅडमचे सात महिने गेले, आणि कशासाठी, तर काही नाही.

जयवंत गोंडा बोटात धरून पाण्याकडं बघत होता. धरणाच्या पलीकडच्या काठाला ढग उतरले होते आणि त्यांच्या सावल्या पाण्यावरून चालत इकडं येत होत्या, मांडीला हात न लावता.

गेणभाऊनं लाल हातानं त्याचा खांदा हलवला. "दाजी, तुमालाच इचारतोय. डबा खरा निघाला. आता द्रौपदाला काय सांगणार?"

जयवंतानं खांद्यावरचा लाल पंजा बघितला, मग गेणभाऊला बघितलं.

"हेच सांगणार, का डबा खरा व्हता आन् त्याच्यात तुझी अंडी बी व्हती. त्यातलं किती डब्याचं आन् किती अंड्यांचं, ते मला ठावं न्हाई. मला जे ठावं न्हाई, ते मी तिला कशाला सांगू?"